सोडलेलं दूध

पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि मला ते कळलंच नाही. नळदुर्गच्या स्टँडवर एसटीतून उतरून मी शाळेकडं निघाले होते. मागून एक ट्रकवाला ओरडला, "ओ बाई, चप्पल राहिली की!" वळून बघते तर माझी डावी चप्पल रस्त्यात पालथी पडलेली आणि मी एका पायानं अनवाणी, बरीच पुढं आलेली. तो हसला, मीही हसले. शाळेत सांगितलं तर सगळा स्टाफ हसला. माझा आजार असा हसत हसत आला.

परवा आमच्या शेजारची सून सहज म्हणाली, "काकू, हल्ली पायांना मुंग्या येतात हो, पण दवाखान्यात जायला वेळ कुणाला आहे?" मी तिला समोर बसवलं, चहा दिला आणि ही सगळी हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे लिहून काढा." म्हणून लिहितेय. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांची आठवण येते म्हणूनही लिहितेय. आजारपणाची का कुणाला आठवण येते? मला येते. त्यातली बहुतेक माणसं आता राहिली नाहीत.

दुधाचं घर

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून काही वर्षं झाली होती. जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत आमचं गाव. मी नळदुर्गला जीवशास्त्र शिकवायची. शाळेला नुकतेच अकरावी-बारावीचे वर्ग जोडले होते. माझे यजमान गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही इथं तेच म्हणते. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि आमची एकुलती एक लेक, बेबी.

दिवस वर यायच्या आत आमच्या ओसरीपुढं रांग लागायची. कुणाच्या हातात चरवी, कुणाच्या हातात बरणी. अण्णा लॅक्टोमीटर दुधात सोडायचे आणि भुवया वर करायचे. "शंकरभाऊ, आज म्हशीनं पाणी लई पिलेलं दिसतंय." शंकरभाऊ जराही न लाजता म्हणायचे, "उन्हाळा हाय की, अण्णा." सगळी रांग खिदळायची. मग कॅनची झाकणं ठोकून बसवायची, कॅन बैलगाडीत चढवायचे आणि हमरस्त्यावर दूधगाडीची वाट बघायची. ज्यांनी दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळून दिवस काढले, त्यांच्या दारात आता म्हशी बांधलेल्या होत्या. त्या झाकणांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तशी भरल्या घरासारखी सकाळ मला पुन्हा कुठं भेटली नाही.

आमच्या घरच्या म्हशींचं दूध सगळ्यात आधी मापात पडायचं. सेक्रेटरीनं घरात दूध ठेवलं असं कुणी म्हणायला नको, हा अण्णांचा बाणा. बेबीपुरतं आणि आत्याबाईंच्या चहापुरतं तेवढं मागं राहायचं. आत्याबाईंना चहा म्हणजे निम्मं दूध लागायचं. आणि त्या दुधाच्या घरात मी एकटी अशी होते, जिच्या तोंडात दुधाचा थेंब जात नव्हता.

नवस

बेबी ऐन दुष्काळात जन्मली. विहिरी आटलेल्या, मीही आटलेली. लेकराला जुलाब लागले, डोळे खोल गेले. म्हैस एकच, तीही जनावरांच्या चारा-छावणीत बांधलेली. तिचं येईल ते दूध बेबीला. एके दिवशी आत्याबाईंनी देव्हाऱ्यापुढं पदर पसरला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आई भवानी, माजी नात जगू दे. लेकरू घिऊन तुज्या दारी गोंधळ घालस्तवर हिची माय दूध-दुभतं तोंडात घालायची न्हाय."

मला विचारलं नव्हतं. मी विज्ञानाची पदवीधर, एरवी कडाकडा वाद घालणारी. पण लेकरू मान टाकून पडलेलं असताना कसला वाद? मीही मनातून हात जोडले. बेबी जगली.

तुळजापूर आम्हाला लांब नव्हतं. पण उठलं आणि नवस फेडून आलं, असं होत नाही. सगळी भावकी जमावी लागते. पहिल्या वर्षी मामंजी गेले, सुतक आलं. पुढं नणंदेचं लग्न. मग धोंड्याचा महिना. मग संस्था सुरू झाली आणि अण्णांना गाव सोडणं अवघड होऊन बसलं, कारण म्हशीला रविवार ठाऊक नसतो. थोडक्यात, दुधापायी माझा दुधाचा नवस रखडला.

माळकरी घर, त्यामुळं अंडं-मटण उंबऱ्याच्या आत नाही. दूध, दही, ताक, तूप सुटलेलं. काळा चहा, भाकरी, वरण, भाजी यावर माझं बरं चाललं होतं. सोडलेल्या गोष्टीची सवय होते, आणि एकदा सवय झाली की आपण काही सोडलंय हेच माणूस विसरतं. घरातली माणसं तर त्याच्याही आधी विसरतात.

शिडी

त्या चपलेच्याही आधी जीभ गेली. लालबुंद, गुळगुळीत झाली. ठेच्याचं बोट लावलं तरी डोळ्यांतून पाणी. मग शाळेच्या चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. मग पाय. जमिनीवर कुणी कापूस पिंजून टाकलाय आणि मी त्यावरून चालतेय, असं वाटायचं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. गावातल्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्यानं चेहऱ्यावर जरा रंग आला. पाय मात्र आणखी मुके झाले. आत्याबाईंनी मीठ-मोहरी उतरून टाकली. शेजारणीनं "बाहेरचं असंल" म्हणून हळूच सुचवलं, तेव्हा मात्र मी तिच्यावर खेकसले.

बारावीला तेव्हा डीएनए शिकवत होते. विहिरीतला गाळ काढायला उतरतात ती दोरीची शिडी अण्णांकडून मागून मी वर्गात नेली होती. दोघांनी दोन टोकं धरून पीळ दिला, की झाला पेशीच्या केंद्रकातला डीएनए. पायऱ्यांचे अर्धे तुकडे चारच जातींचे. अ‍ॅडेनिन नेहमी थायमिनचा हात धरणार, ग्वानिन सायटोसिनचा. पेशीला दोन व्हायचं असलं की शिडी मधोमध उभी उसवते आणि प्रत्येक अर्ध्या शिडीसमोर नवी अर्धी तयार होते. "आणि आरएनएमध्ये थायमिनऐवजी काय?" मी विचारायची. "युरासिल!" सगळा वर्ग एका सुरात. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पोरं पाठ करायची, कारण मीही तो पाठच केलेला होता.

एके दिवशी फळ्यावर तेच थायमिन-युरासिलचं वाक्य लिहिताना मध्येच खडू हातातून पडला. उचलायला वाकले आणि खालीच बसले. उठता येईना. वर्ग आधी हसला, मग बाकं सरकली. मुलींनी दोन्ही बाजूंनी धरून मला स्टाफरूममध्ये नेलं. त्यांच्या हातात माझे हात होते, पण पायांखाली फरशी आहे की नाही हे मला सांगता आलं नसतं. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले.

मोसंबी

सोलापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात अण्णांनी मला जवळजवळ उचलूनच नेलं. बायकांचा लांबलचक वॉर्ड, लोखंडी खाटा, फिनेलचा वास. तरुण डॉक्टर प्रश्न मला विचारायचे आणि उत्तर अण्णा द्यायचे. आमच्याकडं तशीच रीत होती. नवरा शेजारी उभा असताना बाईनं डॉक्टरशी बोलणं म्हणजे आगाऊपणा. वर्गभर पोरांना नजरेनं गप्प बसवणारी मी, तिथं पदर सावरून बसले होते.

"खाणंपिणं?"

"शाकाहारी. माळकरी आहोत आम्ही," अण्णा म्हणाले.

"दूध घेतात?"

अण्णांची छाती फुगली. "डॉक्टरसाहेब, मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. दुधाची काय कमी आमच्या घरी?"

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. अण्णा खोटं बोलले नव्हते. घरात दूध होतंच. आणि दुधाचा माझ्या पायांशी काही संबंध असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही, नाही तर मी रीत बाजूला ठेवून बोललेच असते.

रक्त काढलं. मग छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, ओढून घेतला. दुखलं म्हणण्यापेक्षा, हापशानं आतून काहीतरी उपसून नेल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्यांनी अण्णांना बाहेर बोलावलं. ते परत आले ते मोसंबी घेऊन. शेजारी बसून सोलायला लागले. एकेका फोडीवरचे पांढरे धागेसुद्धा काढले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी मोसंबी सोलून दिली नव्हती.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"काही नाही. बाहेर ऊन लई आहे."

मला कळलं. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं: मगजातल्या पेशी मोठमोठ्या आणि कच्च्या दिसतात, रक्ताचा कॅन्सर तर नाही ना, हे बघावं लागेल.

मरणाची भीती कशी असते, ते सांगते. ती काही मोठीथोरली नसते. बेबीची वेणी कोण घालणार, एवढीच असते. आत्याबाईंना वेणी घालता येत नव्हती, त्या नुसता अंबाडा घालायच्या. बेबी अंबाडा घालून शाळेत चालली आहे, पोरी तिला चिडवत आहेत, हेच चित्र मला पुन्हा पुन्हा दिसायचं आणि रडू यायचं.

दोन ग्लास

शेजारच्या खाटेवर मैनाबाई होत्या. नळदुर्गच्याच, बौद्ध घरातल्या. त्यांचा मुलगा एसटीत कंडक्टर. न्यूमोनियातून उठत होत्या. उशाशी बुद्धाची छोटी तसबीर, आणि जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, तुमी शिकीवता, तर मग इतक्या गप का? आमच्या वस्तीतल्या पोरी सांगत्यात, वर्गात तुमी लई वरडता म्हणून." आजारपणात असं कुणीतरी शेजारी पाहिजे, औषधाइतकंच पाहिजे.

सकाळी वॉर्डात दूध-पाव यायचा. पाव मी खायची, दूध मैनाबाईंना द्यायची. त्यांना अंगात ताकद हवी होती आणि मला काही ते चालणार नव्हतं. एका सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. मूळचे कर्नाटकाकडचे, मराठी हेल काढून बोलायचे, स्वभाव मिरचीचा.

"हे काय, मैनाबाई? दोन दोन ग्लास?"

"एक माजा, एक बाईंचा," मैनाबाई म्हणाल्या. "त्या रोज मलाच देत्यात."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "दूध आवडत नाही?"

अण्णा उत्तर द्यायला पुढं सरकले आणि माझ्याकडंच बघायला लागले. मीच म्हणाले, "आवडतं. सोडलंय."

"कधीपासून?"

"मुलगी झाली तेव्हापासून."

"मुलगी केवढी आहे?"

"शाळेत जाते."

"दही? ताक? तूप?" मी मान हलवत गेले. डॉक्टर माझ्या खाटेवर चक्क बसले. "जीभ दाखवा." जीभ बघितली, मग डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला. "वर आहे की खाली?" मला सांगता येईना. ते उठले, माझा कागद काढून वाचला आणि अण्णांकडं बघितलं. "सेक्रेटरीसाहेब, गावाच्या दुधात पाणी किती, ते तुम्हाला कळतं. घरच्या बाईच्या पोटात दूध किती, ते नाही कळलं?"

अण्णांची मान जी खाली गेली, ती डॉक्टर जाईपर्यंत वर आली नाही.

दुपारपर्यंत डॉक्टर पुन्हा सगळं तपासून आले आणि म्हणाले, "कॅन्सर नाही. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व आहे, ते तुमच्यात संपलंय. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळतं, आणि तुम्ही तेच बंद केलंत. रक्त परत येईल, ते मी लिहून देतो. पण पायांचं वचन देणार नाही. नसांचा मामला आहे, उशीर झालाय. कधी परत येतात, कधी नाही."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "सांगता येत नव्हतं तुला?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

मग दोघंही रडलो. वाचले म्हणून रडले, आणि पायांसाठीही रडले. मैनाबाईंनी शहाण्या माणसासारखं तोंड भिंतीकडं फिरवलं.

काचेखाली

मी जीवशास्त्र शिकवते हे कळल्यावर मोठ्या डॉक्टरांचा राग पार विरघळला. त्यांनी मला चाकाच्या खुर्चीवर घालून प्रयोगशाळेत नेलं. "बघा, स्वतःलाच बघा."

सूक्ष्मदर्शकाखाली माझा मगज होता. जांभळ्या-निळ्या रंगाच्या पेशी, अंगानं चांगल्या वाढलेल्या, पण केंद्रक अजून लेकरासारखं, कोवळं, जाळीजाळीचं.

"काय झालंय सांगा बरं," डॉक्टर म्हणाले. "डीएनएची नक्कल करायची तर काय काय लागतं?"

"चारही घटक लागतात."

"त्यातला थायमिन तयार व्हायला बी-ट्वेल्व्हची मदत लागते. तो कमी पडला तर?"

"शिडीची नक्कल अर्ध्यात अडेल. पेशीला दोन होता येणार नाही."

"मग अंगानं एवढी मोठी कशी झाली?"

आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, फळ्यावर अर्धं राहिलेलं. "आरएनएमध्ये थायमिनऐवजी युरासिल असतं." मी काचेवरून डोळा काढला. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे आरएनएचं काहीच अडलं नाही. तो निरोप नेतोय, प्रथिनं बनतायत, पेशी फुगतेय. नुसती फुगतेय. दोन होऊ शकत नाही."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "म्हणून रक्तात नव्या पेशी येत नाहीत. जिभेवरही नाहीत. जिथं रोज नव्या पेशी लागतात तिथं आधी दिवाळं. नसांचं गणित वेगळं आहे, ते आम्हालाही पुरतं सुटलेलं नाही."

मी पुन्हा डोळा लावला. इतकी वर्षं मी ते वाक्य पोरांना घोकायला लावलं होतं, आणि त्याचा अर्थ माझ्याच हाडात लिहिलेला निघाला. खरं सांगते, पाय बधिर, जीभ सोललेली, आणि तरी त्या क्षणी मला आनंद झाला. शिकल्याचा आनंद. असा आनंद मला कॉलेजातही झाला नव्हता. त्या खोलीतला स्पिरिटचा वास आणि खिडकीतून काचपट्टीवर येणारं ऊन आठवलं, की अजूनही बरं वाटतं.

लाल सुई

इंजेक्शन लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं. आत्याबाई बेबीला घेऊन एसटीनं आल्या तेव्हा नर्स तेच भरत होती.

"ही लाल सुई कशाची?" आत्याबाईंनी विचारलं. "जनावराच्या कलेजाची तर न्हवं? आमी माळकरी हाव."

तरुण डॉक्टरांनी समजावलं, "नाही, आजी. हे बारीक जंतूंपासून बनवतात. दह्याचं विरजण असतं ना, साधारण तसं."

आत्याबाई विचारात पडल्या. "विरजण म्हंजी दुभतंच की. मग ते नवसाला चालतंय व्हय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मैनाबाई हसून हसून खोकायला लागल्या.

पण आत्याबाई हसत नव्हत्या. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या माझ्या पायाशी बसल्या आणि माझा पाय चोळायला लागल्या. मला तो स्पर्श कळत नव्हता, नुसता दिसत होता. "म्याच बोलले गं माय," त्या म्हणाल्या. "लेकरासाठी बोलले. तुज्या पायावर उठंल हे म्हाईत नव्हतं."

"आत्याबाई, तुमचं काही चुकलं नाही."

"तरी दूध पिऊ नको," त्या एकदम म्हणाल्या. "थांब. नवस मोडला अन् लेकराला काय झालं तर? डाक्टर पाय देत्याल, लेकरू न्हाय देणार."

इथं मी अडकले. मला विज्ञान येत होतं, पण त्या म्हातारीच्या डोळ्यांतली भीती खरी होती, आणि समोर बेबी केळं खात उभी होती. मी आई आहे. माझ्याही पोटात कुठंतरी तीच भीती होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्याबाई उठल्या. कमरेच्या पिशवीतून हळदी-कुंकवाची पुडी काढली, माझ्या कपाळाला लावली, स्वतःच्या लावली. पदराच्या टोकाला चार तांदूळ बांधून गाठ मारली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आई, बोलली म्या, आता फेडीन बी म्याच. हिला सोड. आजपासून दूध-दुभतं माजं सुटलं." नर्सला म्हणाल्या, "द्या सुई." आणि मैनाबाईंच्या हातातला माझ्या वाटणीचा ग्लास घेऊन माझ्या तोंडाला लावला.

मैनाबाई म्हणाल्या, "आता मला एकच ग्लास." त्याही रडत होत्या.

त्या दुधाची चव? मला काहीच चव लागली नाही. जीभ अजून बरी व्हायची होती.

लागतंय का?

जीभ लवकर परतली. घरी आल्यावर ठेचा लावलेली ज्वारीची भाकरी खाल्ली आणि झोंबतेय ती नुसती मिरची, सोललेली जीभ नाही, हे कळल्यावर मी अजून एक भाकरी मागून घेतली. चेहऱ्यावर रंग आला, धाप थांबली. पाय मात्र होते तिथंच. मी भिंतीला धरून चालायची, शाळेत खुर्चीवर बसून शिकवायची, फळ्यावर पोरं लिहायची. मनात एकच प्रश्न: हेच का आता कायमचं?

आत्याबाई रोज सकाळी कडब्याचं एक पान घेऊन यायच्या, माझे डोळे मिटायला लावायच्या आणि तळव्यावरून फिरवायच्या. "लागतंय का?"

"नाही."

"बरं." मग बसून काळा चहा प्यायच्या. ज्या बाईचा चहा निम्मा दुधाचा असायचा, ती नाक मुरडून तो काळा रस गिळायची आणि म्हणायची, "ह्ये काय प्याचं झालं? चिंध्या धुतलेलं पाणी." पण एक दिवस मोडला नाही. मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "नवस लवकर फेडा, नाही तर पुढची पेशंट तयार आहे."

अण्णा आता मोसंबी सोलत नव्हते, पण माझ्या ग्लासातलं दूध काढूनच मग राहिलेलं मापात घालायचे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारायचे, "घरात बायकांना ठेवलं का थोडं?" शंकरभाऊ एकदा म्हणाले, "अण्णा, संस्था चालवायची का बुडवायची?" अण्णा म्हणाले, "बुडली तर बुडली."

सांगण्यासारखं

ज्या बाईला मुंग्या येतात, जीभ सोलवटते, तोल जातो, तिला माझं एवढंच सांगणं. डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्या. आपण काय काय खात नाही, काय सोडलंय, कशासाठी सोडलंय, तेही सांगा. लाज वाटली तरी सांगा. रक्ताच्या गोळ्यांनी तोंडावर रंग आला म्हणून पाय विसरू नका. आणि नवऱ्यांनो, घरात एखादी वस्तू असणं आणि ती बायकोच्या ताटात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यापलीकडचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी मास्तरीण आहे, डॉक्टर नव्हे.

आणि भीती वाटली तर वाटू द्या. मला वाटली होती. अजूनही जिन्यावरून उतरताना कधी कधी वाटते.

तुळजापूर

चैत्रात अण्णांनी संस्थेच्या किल्ल्या शंकरभाऊंच्या हातात दिल्या. गावानं दूध गोळा केलं, मोजलं, गाडीला घातलं. काही अडलं नाही. अडेल असं आम्हालाच उगाच वाटत होतं. भावकी जमली, नणंद आली. गोंधळ झाला, संबळ वाजलं. बेबीला देवीपुढं घातलं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून तांदूळ वाहिले आणि कुणीतरी दिलेलं दूध दोन घोटांत संपवलं. मिशी पुसावी तसं तोंड पुसून म्हणाल्या, "सुटले बया."

निघताना डोक्यावर ऊन आलं होतं. आवारातली फरशी तापून लाल झालेली. माणसं अनवाणी उड्या मारत सावलीकडं पळत होती. मी बेबीच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या संथ चालीनं निघाले होते. कापसावरून चालल्यासारखी, नेहमीसारखी. आवाराच्या मध्यावर आले आणि उजव्या टाचेखाली काहीतरी झालं. आधी कळेना काय. मग दुसऱ्या पायाखालीही झालं, आणि मी किंचाळले.

"आत्याबाई! भाजतंय! पाय भाजतायत माझे!"

अण्णा चपला आणायला धावले. आत्याबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना मागं ओढलं. आणि ती बाई त्या तापल्या फरशीवर मटकन बसली, माझे दोन्ही घोटे हातात धरले आणि लेकरासारखी रडायला लागली.

"भाजू दे गं माय," त्या म्हणत होत्या, "अजून जरा भाजू दे."